जिचं खातं तिनेच लिहावं

बँकेच्या नोकरीत बदली होऊन मी भुसावळला आले आणि खोली शोधत एका दारात उभी राहिले, तर घरमालकिणीने दार उघडलंच नाही. दाराशेजारची खिडकी उघडली. तीसुद्धा अर्धी, खालची. वाकून आत बघितलं तर जाड काचांचा चष्मा, पांढरेशुभ्र केस आणि सरळ प्रश्न.

"कुठून आलात? कुठे जायचंय?"

"धुळ्याहून. जायचं कुठेच नाही हो, खोली बघायची आहे."

"वरची रिकामी आहे. वरची, रिकामी आहे."

दोनदा बोलली म्हणून मला वाटलं, बाईला ऐकू कमी येत असावं. मी चांगलं ओरडून भाडं विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या, "ओरडताय कशाला? मी बहिरी नाही. लोक एकदा सांगितलेलं ऐकत नाहीत म्हणून मी दोनदा सांगते."

खोली मी घेतली, आणि पुढे कळलं की या घरमालकीणबाईंची, म्हणजे गल्लीच्या अक्कांची, सगळी नोकरी रेल्वेच्या चौकशी खिडकीत गेली होती. निवृत्त झाल्या तरी खिडकी काही सुटली नाही. दूधवाला, गॅसवाला, वर्गणीवाले, सगळ्यांशी बोलणं त्या अर्ध्या खिडकीतून आणि वाकून. दार फक्त चहाला बोलावलेल्या माणसासाठी उघडायचं. मला ते दार उघडायला चार महिने लागले, आणि खोटं कशाला बोलू, ते उघडलं तेव्हा मला नोकरी लागल्यासारखा आनंद झाला होता.

अक्कांचं माहेर दोंडाईचाचं. सासर रावेरकडचं, केळीच्या बागांचं. गावात बोलताना आपलं शहरी मराठी, पण राग आला किंवा संशय आला की माहेरची अहिराणी बाहेर पडायची. संशय तर दिवसातून दहा वेळा यायचा. त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता : "कोन म्हनस?" म्हणजे कोण म्हणतं? तुम्ही काहीही सांगा, आधी हा प्रश्न. "अक्का, उद्या नळाला पाणी नाही." कोन म्हनस? "अक्का, त्या कोपऱ्यावरच्या सुनेचं माहेरी भांडण झालं म्हणे." कोन म्हनस? या दुसऱ्या प्रकारात सांगणारीची अशी पंचाईत व्हायची की आमच्या गल्लीतल्या निम्म्या चहाड्या त्या खिडकीपाशीच मेल्या. मेथीवाला एकदा ओरडला, "ताजी मेथी!" अक्का आतून म्हणाल्या, "कोन म्हनस?" तो म्हणाला, "मी म्हणतो ना अक्का!" तर म्हणतात, "तू तर म्हणशीलच रे. तुझ्याशिवाय कोण म्हणतं ते सांग."

अशा बाईच्या हातात पुण्याच्या मुलाने टॅब दिला. आई भजनं ऐकेल, वेळ जाईल, अशी त्याची बिचाऱ्याची कल्पना. अक्कांनी पहिल्यांदा शोधलं काय, तर बिबडे. उन्हाळ्यात आमच्याकडे गच्चीगच्चीवर वाळत पडतात ते ज्वारीचे, लसूण-तीळ घातलेले पापड. तो जो इंटरनेटवरचा मोफत ज्ञानकोश असतो, कोणीही वाचावा आणि कोणीही लिहावा असा, त्यात बिबड्यांबद्दल दोन ओळी होत्या आणि त्यात लिहिलं होतं की हे तांदळाचे पापड असतात.

"हाई काय शे?" अक्का कडाडल्या. मी जिन्यात होते, तिथे ऐकू आलं. "बठ्ठं खोटं शे! सगळं खोटं! तांदूळ? आमच्याकडे? कोन म्हनस?"

तिथल्या तिथे त्यांनी 'तांदळाचे' खोडून 'ज्वारीचे' केलं. दुसऱ्या दिवशी बघतात तर पुन्हा तांदूळ, आणि खाली कोणीतरी प्रश्न टाकलेला : "या माहितीला संदर्भ काय?" दुसरी कोणी असती तर चिडली असती. मी तर नक्कीच चिडले असते. अक्का मात्र टॅब छातीशी धरून वर माझ्या खोलीत आल्या, धापा टाकत. "धुळेवाली, बघ गं! इथे सगळे 'कोन म्हनस' विचारतात!" आपल्यासारखी माणसं जगात आहेत हे त्यांना सत्तरीच्या उंबरठ्यावर कळलं. तो आनंद मी विसरणार नाही.

मग सासरच्या गावाचं पान उघडलं. तिथे 'प्रसिद्ध व्यक्ती' अशी यादी होती. एक माजी आमदार, दोन समाजसेवक, एक कीर्तनकार, एक पहिलवान. तो पहिलवान म्हणे अक्कांच्या सासऱ्यांकडून हरला होता, पण ते सोडा. अक्का यादी वरून खाली वाचत गेल्या, खालून वर आल्या.

"बाई एकही नाही," त्या म्हणाल्या. "मग हे सगळे काय केळीच्या घडाला लागले होते?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी तालुक्याचं पान बघितलं, जिल्ह्याचं बघितलं. मग मला विचारलं, हे लिहितं कोण? मी ऐकलेलं सांगितलं, की लिहिणाऱ्यांत बहुतेक पुरुषच असतात, बायका फार थोड्या. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, पण या वेळी आवाज बारीक होता. मी मोबाईलवर तसं लिहिलेलं दाखवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "खिडकीच्या आत बाई बसली नाही, तर बाहेरच्या बाईला काय विचारायचं ते सुचतच नाही गं. मी पाहिलंय. मी सुट्टीवर असले की बायका रांगेतून परत जायच्या."

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या इथल्या एका कॉलेजात महिला दिनाला कार्यशाळा झाली. ज्ञानकोशात महिलांनी लिहावं म्हणून बाहेरून तज्ज्ञ आले. आम्हाला गुलाबाचं फूल, पॅटिस, सगळ्यांची खाती उघडून दिली, फोटो काढले, टाळ्या. अक्काही होत्या. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर अक्का उभ्या राहिल्या. "उद्या तुम्ही कुठे असाल?" तज्ज्ञ म्हणाले, उद्या दुसरीकडे कार्यशाळा आहे. अक्का म्हणाल्या, "म्हणजे जेवायला सगळे, भांड्यांना कोणी नाही." आणि फूल टेबलावर ठेवून निघून आल्या. मला लाज वाटली होती तेव्हा. खरं सांगायचं तर त्या दिवशी उघडलेल्या खात्यांपैकी एकही पुढे हललं नाही, माझंसुद्धा.

अक्कांनी भांडी घासायला घेतली. दर शनिवारी दुपारी त्यांच्या पुढच्या खोलीत आम्ही सहा जणी जमू लागलो. अक्का आणि मी. रावेरकडच्याच सुशीलाताई, ज्यांना टायपिंग येत होतं. शेजारच्या सासू-सून, सासूने लिहिलं की सून दुरुस्त करायची, सुनेने लिहिलं की सासू. जे स्वयंपाकघरात कधी जमलं नाही ते तिथे बिनबोभाट चालायचं. आणि रेहानाभाभी.

रेहानाभाभींचं बांगड्यांचं दुकान. बोलायला लागल्या की मराठी, हिंदी, अहिराणी असं सगळं एका ताटात. वाचता मराठी यायचं, लिहायची वेळ आली की हात मागे. "अक्का, मेरे से नहीं होगा. मी बोलते, तुम्ही लिवा." त्यांना एकच लेख करायचा होता. त्यांच्या लहानपणी मोहल्ल्यात मुलींना घरोघरी जाऊन शाळेत ओढून आणणाऱ्या बाई होत्या, सगळ्या त्यांना बडी आपा म्हणत. "आपा माझ्या अब्बांशी दारात भांडली. मला हाताला धरून घेऊन गेली. नाहीतर मी आज गिऱ्हाइकाला पैसे पण परत देऊ शकली नसती."

पण संदर्भ हवा. शाळेची जुनी स्मरणिका मिळाली, तिच्यात शिक्षकांचा फोटो. उभे असलेले सगळे पुरुष नावानिशी, डावीकडून उजवीकडे. आणि खाली : 'बसलेल्या : शिक्षिका.' संपलं. भाभी त्या फोटोतल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवून नुसत्या बसून राहिल्या. अक्कांनी मग जळगावपर्यंत फोन लावले, एका दैनिकात आपांच्या निवृत्तीची बातमी छापून आली होती ती काढायला लावली, कोणाचं तरी छापील पुस्तक मागवलं. दोन महिने गेले. लेख उभा राहिला. भाभींच्या खात्यावर, भाभींच्या नावाने. त्या दिवशी त्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला मोबाईल दाखवला. नवऱ्यालाही दाखवला. तो म्हणाला, "ये तूने लिखा?" आणि त्या म्हणाल्या, "हाँ, मैंने."

आता आमची चूक सांगते. ही चूक आमच्यासारख्या बायकाच करू शकतात.

बिबडे करायचे असले की एकटी कोणी करत नाही. आज तुझ्या गच्चीवर, उद्या माझ्या. एक चीक ढवळते, एक लाटते, एक कापडावर पसरते, आणि ज्या घरी केले त्या घरचे ते बिबडे. अक्कांनी लेखांचंही तसंच लावलं होतं. या शनिवारी भाभींची पाळी, की सहाही जणींनी भाभींचं खातं उघडायचं. सुशीलाताई टाइप करणार, सून संदर्भ जोडणार, सासू शब्द तपासणार. पुढच्या शनिवारी सुशीलाताईंचं खातं. सगळ्या खात्यांना पासवर्ड एकच, आणि तो अक्का खोलीभर मोठ्याने सांगायच्या. दोनदा. यात काही वावगं आहे असं आमच्या स्वप्नातही आलं नाही. खात्यातून बाहेर पडायला मात्र विसरायचो. म्हणजे लेख झाल्यावर सुशीलाताईंनी कौतुकाने लिहिलं, "रेहानाभाभी, फार सुंदर लेख!" आणि खाली सही उमटली रेहानाभाभींची. सासूबाईंनीही शाबासकी दिली. तीही रेहानाभाभींच्याच सहीने.

एका शनिवारी सहाही खाती बंद. ज्ञानकोशावर लक्ष ठेवणारे जे स्वयंसेवक असतात त्यांच्यापैकी एकाने लिहिलं होतं की ही सर्व खाती एकाच व्यक्तीची दिसतात, एकाच ठिकाणाहून चालतात, स्वतःच स्वतःची स्तुती करतात, तेव्हा ती थांबवली आहेत आणि त्यांचे लेख काढावेत का यावर चर्चा सुरू आहे. पहिल्याच क्रमांकावर बडी आपा.

"टीसीने पकडलं," अक्का म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या माणसाचं नाव टीसी.

मी जाम भडकले. बंद खात्यालाही स्वतःच्या चर्चापानावर, म्हणजे निरोपांच्या पानावर, लिहिता येतं, तिथे मी त्याला असं काही सुनावलं की उत्तर आलं, "कृपया सभ्य भाषा वापरावी." सासू-सून प्रथमच एका बाजूने बोलत होत्या. सुशीलाताई म्हणाल्या, "सहा बाया एका खोलीत बसून एकदिलाने लिहितात, हे त्याला खोटंच वाटणार ना!" भाभींना घरी काय सांगायचं हा प्रश्न होता. मैंने लिखा म्हणाल्या होत्या, आणि आता मोबाईलवर लाल चौकटीत लिहून आलं होतं की रेहाना नावाची अशी कोणी वेगळी बाईच नाही.

अक्कांनी टीसीला सगळं खरं लिहिलं. पासवर्ड, पाळ्या, बिबडे, सगळं. त्याचं उत्तर तसं सभ्य होतं. त्याने तोडगा सुचवला. अक्कांनी ही सगळी खाती आपली म्हणून जाहीर करावीत, एकच खातं ठेवावं, बाकीची बंद राहतील. मग लेखांना धक्का लागणार नाही.

मी म्हटलं, "अक्का, करून टाका. लेख वाचतो ना? आपा राहतात ना? नाव कोणाचं का असेना."

त्या म्हणाल्या, "पोरगी तिची, आणि बारशाला पाटावर मी बसू?"

"पण लेख गेला तर?"

"गेला तर मला झोप येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण मी हो म्हटलं तर त्या फोटोसारखंच झालं. बसलेल्या : शिक्षिका."

पुढचे काही दिवस त्या खिडकीतही आल्या नाहीत. दूधवाला मला विचारायला लागला. मला त्यांच्या जिवाची घालमेल दिसत होती. दोन महिने फोन करून करून मिळवलेली आपा एका शब्दाने वाचणार होती, आणि तो शब्द त्या देत नव्हत्या. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बोलावून नियम सांगितला. जिचं खातं तिनेच लिहायचं. प्रत्येकीने आपल्या घरून, आपल्या मोबाईलवरून, आपल्या बोटांनी टीसीला लिहायचं की मी कोण. कोणी कोणाला सांगायचं नाही, कोणी कोणाचं तपासायचं नाही. पासवर्ड बदला आणि मला सांगू नका. हे त्या एकदाच म्हणाल्या.

भाभींनी हात जोडले. "अक्का, मला बुडवताय तुम्ही. माझी मराठी वाचून तो हसेल."

"हसू दे," अक्का म्हणाल्या, "हसला म्हणजे तू आहेस हे कळेल त्याला." आणि पाठ फिरवून आत गेल्या. मला त्या फार कठोर वाटल्या तेव्हा. पण त्या आठवड्यात बांगड्यांच्या गल्लीतून जावं लागू नये म्हणून बाई लांबच्या रस्त्याने बाजारात जात होत्या. गेल्या असत्या तर राहवलं नसतं, सांगून बसल्या असत्या.

मी मात्र गेले होते. दुकानात भाभी एका हाताने गिऱ्हाइकाच्या मनगटात बांगडी चढवत होत्या आणि मधेच दुसऱ्या हाताच्या एका बोटाने मोबाईलवर एकेक अक्षर शोधत होत्या. नवरा गल्ल्यावर बसून बघत होता. मला बघून त्यांनी मोबाईल उलटा ठेवला.

शुक्रवारी त्यांच्या चर्चापानावर हे आलं : "मी रेहाना. माझी बांगडीची दुकान आहे. बोलत मी होती टाइप दुसरी करत होती. ती चूक झाली. आपा ने मला शाळेत नेली ते मी सांगितली दुसऱ्या कोणाला माहीत नाही. आता मी स्वता टाइप करते म्हणून उशीर लागला. लेख काढू नका. काही खोटं असेल तर कोणतं ते सांगा मी दुरुस्त करीन."

मी बँकेच्या काउंटरवर बसून ते वाचलं आणि समोरच्या खातेदाराला थांबा म्हटलं. डोळे भरून आले होते, काय करणार?

टीसी हसला नाही. त्याने लिहिलं की तुमचं म्हणणं पोचलं, आपांच्या जन्मगावाला संदर्भ नाही तेवढं बघा. पाच खाती सुरू झाली, पुन्हा असं होऊ नये अशी समज देऊन. लेख राहिला. सहावं खातं अक्कांचं. सगळ्यांना सांगणारी मीच, पासवर्ड माझाच, असं त्यांनी स्वतःच लिहून दिलं होतं, म्हणून त्यांचं खातं सहा महिने बंद. मी म्हटलं, माफी मागा, दाद मागा, आपण सगळ्या मिळून लिहू.

"सगळ्या मिळून लिहिलं म्हणूनच तर धरलं ना! विदाउट सापडल्यावर टीसीशी हुज्जत घालायची नसते. दंड भरायचा."

त्यांची एक जुनी हकीकत मला सुशीलाताईंनी सांगितली होती. नोकरीत असताना अक्कांनी एका बाईला चुकीचा प्लॅटफॉर्म सांगितला, तिची गाडी चुकली, ती रांगेत येऊन रडायला लागली. साहेब आतून म्हणत होते की गप्प बसा, गर्दीत कोणाला कळतंय. अक्का खिडकी सोडून बाहेर आल्या आणि रांगेसमोर म्हणाल्या, "मी चुकीचं सांगितलं." दोनदा. मग पुढची गाडी येईपर्यंत त्या बाईजवळ बाकावर बसून राहिल्या. साहेबांनी नंतर बरंच ऐकवलं म्हणे.

शनिवार पुन्हा सुरू झाले. आता जी ती आपापल्या मोबाईलवर, आपापल्या खात्यात. खोलीत पूर्वीसारखा गलका नाही. सून सासूचं खोडायची, पण स्वतःच्या नावाने. अक्का खुर्चीत बसून एकीकडून दुसरीकडे बघायच्या. हात मांडीखाली धरलेले, टॅब कपाटावर ठेवलेला.

एका शनिवारी कोणीतरी आपांच्या लेखातलं एक वाक्य काढलं. मुलींना घरोघरी जाऊन शाळेत आणलं, हेच ते वाक्य. काढणाऱ्याने कारण दिलं होतं : अतिशयोक्ती वाटते. अक्का ताडकन उभ्या राहिल्या. "भाभी, लिही! त्या पुस्तकातलं पान दे त्याला. असं लिही, की..."

"अक्का," रेहानाभाभी मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही बोलू नका. हे माझं आहे. मला लिहू द्या."

अक्कांना असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. त्या "चहा टाकते," म्हणून आत गेल्या. मी मागोमाग गेले.

त्या ओट्याशी उभ्या होत्या, गॅस पेटवलाच नव्हता. पदराने डोळे पुसत होत्या. मी म्हटलं, "अक्का, त्यांच्या मनात तसं काही नव्हतं हो."

"गप गं. मला काय वाईट वाटलं नाही," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा रडायला लागल्या. मग म्हणाल्या, "वाटलं. खोटं कशाला बोलू? याच्यासाठीच तर सगळं केलं. ती एक दिवस मला गप्प बस म्हणेल, याच्यासाठीच. इतका आनंद झालाय धुळेवाली. पण हे इतकं दुखतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर भाभींचा आवाज झाला, "टाकलं! पान नंबरासकट टाकलं!" आणि सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या. कोणीतरी हाक मारली, अक्का, या ना, चहा राहू द्या, बघायला या.

अक्कांनी गॅस पेटवला. पातेलं ठेवलं, पाणी ओतलं.

"येते," त्या आतूनच म्हणाल्या. "तुम्ही लिहा."